ओपन सोर्स प्रकल्पात (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) नवे लोक येतात आणि एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती, पाठवून गायब होतात. त्यांना टिकवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची इंजिनिअरिंगची मुलं उत्साहाने येतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये सामील होतात, एखादा बदल पाठवतात आणि मग दिसत नाहीत. शिवाय गटात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांतली मुलं आहेत. मी इथलाच. मराठी-कन्नड लिप्यंतराची (एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीत लिहिणारी) एक छोटी कोड-लायब्ररी सांभाळतो, त्यामुळे हा त्रास ओळखीचा आहे.

मला विचाराल तर पहिला संशय त्या ग्रुपवर घ्या. तुमच्या प्रकल्पाचे निर्णय बहुधा तिथेच होत असणार.

आमच्याच कामातलं उदाहरण देतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ला वेगळी अक्षरं आहेत, ‘ओ’चंही तसंच. मराठी लिहिताना आपण हा फरक दाखवत नाही. युनिकोडच्या (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाणित यादीच्या) देवनागरीत ऱ्हस्वासाठी ऎ, ऒ ही अक्षरं आहेत, पण मराठी वाचकाला ती छापखान्याची चूक वाटतात. म्हणजे लिप्यंतर करताना ती वापरायची की गाळायची, हे प्रकल्पाला एकदा ठरवावं लागतं. आता समजा हे रात्री अकराला ग्रुपवर ठरलं, निम्मं मराठीत, निम्मं फोनवर. तीन महिन्यांनी गोकाकची कन्नड घरातली एखादी मुलगी नेटका कोड लिहून ऎ वापरते आणि आपण तिला सांगतो, ‘हे आधीच ठरलंय.’ कुठे ठरलंय? ती तेव्हा ग्रुपमध्ये नव्हती, आणि असती तरी मराठीतल्या दोनशे मेसेजमधून तिने ते कसं शोधावं? ती परत येत नाही, आणि आपण म्हणतो आजकालच्या पोरांना चिकाटी नाही.

ग्रुप बंद करायची गरज नाही. चहाच्या गप्पा, ‘कुठपर्यंत आलंय?’, ‘येतोस की रविवारी?’ हे सगळं तिथे चालू दे. पण जे ठरेल ते त्याच दिवशी इश्यूत (प्रकल्पाच्या पानावरच्या प्रश्न-चर्चेच्या नोंदीत) लिहायचं, आणि रेपोमध्ये, म्हणजे कोड ठेवतो त्या जागी, निर्णयांची एक साधी फाइल ठेवायची: प्रश्न काय होता, काय ठरलं, का ठरलं. चार ओळी पुरतात. ज्याने वाद जिंकला त्यानेच लिहायचं, असा आमच्याकडे दंडक आहे. भाषेचं म्हणाल तर इश्यूत कन्नड, मराठी, इंग्रजी, अगदी रोमन अक्षरांतली मराठीसुद्धा चालते. निर्णयाच्या ओळी, कोडमधल्या टिपा आणि कमिट मेसेज (प्रत्येक बदलासोबतची ओळ) मात्र इंग्रजीत, कारण आपल्या सगळ्यांमध्ये समाईक तेवढंच आहे.

दुसरी गोष्ट ‘सर’ची. इकडची मुलं इश्यूत प्रश्न विचारत नाहीत, खासगी मेसेज करतात: ‘सर, एक डाउट होता.’ चारचौघांत अडाणी दिसायची भीती असते. खासगीत उत्तर दिलंत की तोच प्रश्न पुढचा मुलगा पुन्हा विचारणार. मी म्हणतो, ‘प्रश्न चांगला आहे, इश्यूत टाक की, तिथेच उत्तर देतो.’ तरीही लाजत असेल तर त्याला विचारून मीच तो टाकतो, नाव न घेता. आणि माझे स्वतःचे बाळबोध प्रश्नही मुद्दाम तिथेच विचारतो. दहा भाषणांपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

पहिल्या तासाबद्दल. तुमची रीडमी, म्हणजे प्रकल्पाची माहिती आणि सूचना देणारी फाइल, लिनक्स गृहीत धरून लिहिलेली असेल आणि मुलाकडे थोरल्या भावाचा जुना विंडोज लॅपटॉप असेल. खानापूरच्या पुढे घाटाकडच्या गावात मोबाइल डेटावर कोडचा अख्खा इतिहास क्लोन (डाउनलोड) करायला लावू नका. क्लोनच्या आज्ञेत डेप्थ 1 दिली की फक्त ताजी अवस्था उतरते, आणि सुरुवातीला तेवढी पुरते. एखाद्या नव्या मुलाला शेजारी बसवून रीडमीप्रमाणे सगळं करायला सांगा आणि स्वतः गप्प बसा. तो जिथे अडकेल तिथे रीडमी दुरुस्त करायची, आणि ती दुरुस्ती त्यालाच पाठवायला सांगायची. पहिलं योगदान झालं.

इथे एक खाचखळगा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, पहिल्यांदाच बदल पाठवणाऱ्याच्या पुल रिक्वेस्टवर अ‍ॅक्शन्सच्या (गिटहबच्या स्वयंचलित यंत्रणेच्या) चाचण्या आपोआप चालत नाहीत, सांभाळणाऱ्याला मंजुरी द्यावी लागते. फुकटच्या सर्व्हरवर क्रिप्टो मायनिंग करणाऱ्यांमुळे 2021 मध्ये हा नियम आला. मुलाला नुसतं ‘मंजुरीची वाट पाहत आहे’ असं दिसतं आणि आपलंच काहीतरी बिघडलं असं त्याला वाटतं. ते बटण लवकर दाबा. सविस्तर परीक्षण चार दिवसांनी केलंत तरी चालेल, पण ‘पाहिलं, रविवारी नीट वाचतो’ एवढं त्याच दिवशी लिहा.

काम कुठलं द्यावं? रीडमीतल्या स्पेलिंग दुरुस्त्या नकोत. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरातली ओपन सोर्स योगदानाची मोहीम) टी-शर्टसाठी असल्या पुल रिक्वेस्टचा पूर आला आणि शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला: प्रकल्पाने स्वतः होकार दिला तरच तो मोहिमेत धरायचा. काम लहान हवं, पण खरं हवं. आमच्याकडे ते म्हणजे चाचणीच्या जोड्या: एकच नाव मराठीत आणि कन्नडमध्ये. आपण निपाणी, चिकोडी लिहितो, कन्नडमध्ये निप्पाणी, चिक्कोडी. अशी गावांची नावं जमवायला कोड फारसा यावा लागत नाही, पण दोन्ही बाजूंची माहिती लागते, आणि ती पुण्या-बंगळुरूच्या अनुभवी प्रोग्रामरकडे नसते. तुमच्या प्रकल्पातही असं काहीतरी असेल जे फक्त इथल्या माणसालाच जमेल. त्याच्यावर ‘गुड फर्स्ट इश्यू’चं (नवख्यांना सोपं काम) लेबल लावा, आणि कुठली फाइल उघडायची हेही लिहा.

‘सर, मला असाइन करा की’ (हे काम माझ्या नावावर करा) म्हणणाऱ्यांना लगेच असाइन करू नका. आधी अर्धामुर्धा का होईना, ड्राफ्ट येऊ दे. दोन आठवडे हालचाल नसेल तर काम मोकळं, हे आधीच लिहून ठेवा. व्हीटीयूच्या (इथल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या) परीक्षा आल्या की सगळेच गायब होतात, तेव्हाचं मोजू नका. इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रासाठी येणाऱ्यांचा राग येतो खरा, पण त्यातलेही काही टिकतात.

बदल जवळपास बरोबर असेल तर स्वल्पविरामावरून पाच फेऱ्या मारायला लावू नका. स्पेस आणि टॅब फॉरमॅटरवर (कोड आपोआप नीटनेटका करणाऱ्या साधनावर) सोडा. बहुतेक पुल रिक्वेस्टमध्ये सांभाळणाऱ्यांना दुरुस्ती करायची मुभा असते, शेवटचा हात तुम्ही फिरवा. आणि समजा सगळंच नव्याने लिहावं लागलं, तर कमिटमध्ये को-ऑथर्ड-बाय (सहलेखकाची ओळ) लावून त्या मुलाचं नाव ठेवा. मुलाखतीत दाखवायला त्याच्याकडे तेवढंच असतं.

आता अधिकार. रेपो तुमच्या वैयक्तिक खात्यावर असेल तर कोलॅबोरेटर (सहकारी) केलेल्याला थेट कोडमध्ये लिहिण्याचा अधिकार मिळतो, मधली पायरी नाही. फुकटातली ऑर्गनायझेशन (गटाचं खातं) काढून रेपो तिकडे हलवा. तिथे ट्रायाज नावाची भूमिका आहे: लेबलं लावणं, इश्यू बंद करणं जमतं, कोडला हात लागत नाही. दोन-तीन बदल नीट केलेल्याला ती लगेच देऊन टाका. माझ्या पाहण्यात माणूस टिकतो तो इथे, कारण आता लोक त्याला प्रश्न विचारू लागतात. लिहिण्याचा अधिकार त्यानंतर, तोही मुख्य शाखेवर (कोडच्या मूळ प्रतीवर) दुसऱ्याचं परीक्षण सक्तीचं करून.

रिलीज करण्याच्या (नवी आवृत्ती सगळ्यांसाठी बाहेर काढण्याच्या) किल्ल्या मात्र सावकाश द्या. 2024 मध्ये एक्सझेड यूटिल्स या फाइल लहान करणाऱ्या साधनात चोरदार (बॅकडोअर, गुपचूप आत शिरायची वाट) सापडलं, ते ‘जिया टॅन’ या नावाने दोन वर्षांहून अधिक काळ चांगलं काम करून विश्वास कमावलेल्या खात्याने घातलं होतं. एकटा सांभाळणारा थकला होता आणि बाकीची खाती त्याच्यामागे घाई लावत होती. तुमच्या आकाराच्या प्रकल्पावर कोणी एवढी मेहनत घेणार नाही, पण थकून कोणाला तरी सगळं सोपवावंसं वाटेल तो दिवस येतोच. त्यासाठी आतापासूनच किल्ल्या दोघांकडे ठेवा, आणि शक्यतो त्यातला एक कन्नड घरातला असू दे.