सेन्सर म्हणतो कोरडी, बोट म्हणतं ओली

प्रश्न: मनी प्लांटच्या कुंडीत ओलावा मोजायचा सेन्सर लावलाय, तो सारखं ‘कोरडी’च दाखवतो म्हणून मी रोज पाणी घालते, आणि आता पानं पिवळी पडायला लागलीत. चुकतंय कुठे?

उत्तर: आधी पाणी थांबवा! दोन इंच बोट खुपसून बघा, माती चिकटली तर ओल आहे, मग सेन्सर काही का म्हणेना. आता तो उपसून पुसा. दोन उघड्या धातूच्या दांड्यांवाला असेल तर तो मातीतून करंट सोडून मोजतो, सतत चालू ठेवला की दांड्या गंजतात आणि मग ओल्या मातीलाही कोरडी म्हणतो. शिवाय खत घातलं की क्षार वाढतात, तेव्हा उलटंच, ओलाव्याचा आकडा उगाच वर. कपॅसिटिव्ह, म्हणजे मातीतून थेट करंट न सोडता मोजणाऱ्या प्रकारात धातू झाकलेला असतो, तो जास्त टिकतो, मी तरी तोच घेईन. खोचताना माती नीट दाबा हं, बाजूला हवेची पोकळी राहिली तरी कोरडीच दाखवणार. आणि पूर्ण सुक्या मातीत एकदा, पाणी घालून निथळल्यावर एकदा, असे दोन आकडे लिहून ठेवा, म्हणजे तुमच्या सेन्सरचा कुठला आकडा कोरडा नि कुठला ओला ते कळेल; कोकोपीटवाल्या (नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेल्या) कुंडीचे वेगळे.