डिस्कॉर्डवर आमच्या ग्रुपचा स्वतःचा इमोजी टाकता येतो का, पैसे लागतात का?

हो, टाकता येतो आणि पैसे लागत नाहीत, फक्त सर्व्हर (म्हणजे डिस्कॉर्डवरचा तुमचा ग्रुप) तुमचा हवा नाहीतर इमोजी टाकायची परमिशन असलेला रोल तुम्हाला दिलेला हवा. सर्व्हरच्या नावावर क्लिक करा, सर्व्हर सेटिंग्जमध्ये इमोजी उघडा आणि फोटो अपलोड करा. आमच्या मित्रांच्या सर्व्हरचे इमोजी मीच बघतो म्हणून सांगतो, खरी मेहनत फोटोवर घ्या.

- फाइल २५६ केबीच्या आत, १२८ बाय १२८ पिक्सेलची चौकोनी पीएनजी करा आणि बॅकग्राउंड काढून टाका.
- नाव इंग्रजी अक्षरांतच द्यायचं, देवनागरी आणि स्पेस चालत नाही, अंडरस्कोर चालतो. नाव छोटं ठेवा कारण चॅटमध्ये कोलन टाकून तेच टाइप करायचं असतं.

वाक्यात इमोजी फार बारीक दिसतो, त्यामुळे वडापावचा अख्ख्या प्लेटसकट फोटो टाकलात तर नुसता तपकिरी ठिपका दिसेल, त्यापेक्षा एकच वडापाव जवळून क्रॉप करा आणि कडेला पांढरी बॉर्डर द्या, डार्क थीमवर मस्त उठून दिसतो. फुकटात ५० साधे आणि ५० हलणारे इमोजी बसतात, पण एक लक्षात ठेवा, नायट्रो (डिस्कॉर्डचं पैसे भरून घ्यायचं सबस्क्रिप्शन) नसेल तर साधा इमोजी फक्त त्याच सर्व्हरवर वापरता येतो आणि हलणारा तर स्वतःच्या सर्व्हरवरही पाठवता येत नाही, म्हणून ग्रुपसाठी साधेच बनवा.