मैत्रिणीचे रविवार आता इगर्जेचे

पत्र: मी फोंड्याची, वय २६. कॉलेजपासूनची माझी जिवलग मैत्रीण म्हापशाकडची, कॅथलिक. हल्ली ती तिथल्या इगर्जेतल्या (चर्चमधल्या) युवा गटाची ॲनिमेटर, म्हणजे गट चालवणारी कार्यकर्ती, झाली आहे. रविवार, सुट्ट्या सगळं तिकडेच. रात्री बारा-एकला गटातल्या मुलींचे फोन येतात, आणि ती पार थकलेली दिसते. काही बोलले तर तिला वाटेल, तिचा धर्म मला खुपतो. आई म्हणते, ही एक दिवस सिस्टर (नन) होणार. आता तिने गटाच्या मिसेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) बोलावलंय. काय करू?

उत्तर: आधी आईची शंका. ॲनिमेटर म्हणजे नोकरी-संसार सांभाळून काम करणारी साधी कार्यकर्ती. सिस्टर व्हायचं तर निदान १२ महिन्यांचं नोव्हिशिएट (उमेदवारीचा काळ), मग निदान ३ वर्षांची तात्पुरती व्रतं, त्यानंतरच कायमची. तिच्या मनात तसं असेल तर तिच्याच तोंडून ऐक.

मिसेला जरूर जा. खांदे झाकणारा पोशाख कर, चपला काढायची गरज नाही. सगळे उठले की ऊठ, बसले की बस. कोमुन्यांवच्या (पवित्र प्रसाद देण्याच्या) वेळी मात्र रांगेत जाऊ नको, बाकावरच बसून राहा. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मीस संपली की खुर्च्या लावायला थांब, तेवढ्यात तिच्या गटातल्या मुलांशी ओळख होईल.

रविवारचं दुखणं थोडं तिच्या कॅलेंडरचं आहे. राखेच्या बुधवारपासून (उपासकाळाच्या सुरुवातीपासून) ईस्टरपर्यंत, सांत फ्रान्सिस झेवियरच्या २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबरच्या नोव्हेनात (नऊ दिवसांच्या प्रार्थनांत), नाताळाच्या आधी आणि मे महिन्यातल्या शिबिरांत ती तुला मिळणार नाही. तासाभराच्या बैठकीमागे विषय, खेळ, पालकांना निरोप यात तीन-चार तास सहज जातात. म्हणून जून ते सप्टेंबरमधली एखादी ठरावीक संध्याकाळ आत्ताच मागून घे. भेटलीस की गटाचा विषय तू काढू नकोस. दिवसभर सगळ्यांची दीदी असणाऱ्या मुलीला अशी एक जागा लागतेच.

खरी काळजी त्या फोनांची आहे, आणि ती तुला वाटली हे बरंच झालं. सोळा वर्षांची मुलगी रात्री हिलाच फोन करते, कारण ही ऐकून घेते. काम मोलाचं आहे, पण एकटीने पेललं की दोन गोष्टी बिघडतात: मुलीला दुसऱ्या कुणाशी बोलायची सवयच लागत नाही, आणि हिची झोप जाते. तिला सुचव की फोन रात्री नऊपर्यंतच घ्यायचे, मेसेज दुसरी ॲनिमेटरही असलेल्या ग्रुपवर, आणि बंद खोलीत एकट्या मुलीशी बोलणं नाही. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर मात्र वेळ बघायची नाही: घरच्यांना लगेच कळवायचं आणि मुलीला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ ला, जोडून द्यायचं.

सर्वांत महत्त्वाचं, “कोणालाच सांगणार नाही” असं वचन तिने कधी देऊ नये. १८ वर्षांखालच्या मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं हे कळलेल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. मदतीला चाइल्डलाइन १०९८ आहे. विगाराच्या (चर्चच्या मुख्य पाद्रीच्या) कानावर घालावं, पण तेवढ्याने तिची जबाबदारी संपत नाही. कुमसाराची (पापांच्या कबुलीची) गुप्तता पाद्रीला असते, ॲनिमेटरला नाही. नव्या ॲनिमेटरांची चूक नेमकी इथे होते, तीही मायेपोटी.

हे रविवारी, मुलांसमोर बोलू नको. मधल्या वारी भेट आणि सरळ विचार, “रात्रीच्या फोनांत तुझ्याबरोबर दुसरं कोण आहे?” कोणीच नाही म्हणाली, तर विगाराकडे दुसरी ॲनिमेटर मागायला सांग. धर्माचा प्रश्न यात कुठेच येत नाही, आणि हे तिलाही कळेल.