वडिलांना उसाच्या ट्रॅक्टरनं उडवलं, मालक भावकीतला आहे. क्लेम करावा की मिटवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पलूस तालुक्यातलं गाव. पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेल्या ५४ वर्षांच्या वडिलांच्या मोटरसायकलला उसाच्या ट्रॅक्टरनं मागून धडक दिली. मांडीचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन करून रॉड घातला, बारा दिवस ॲडमिट होते. त्याला आता दोन महिने झाले. ट्रॅक्टर भावकीतल्याचा. तो म्हणतो, ५० हजार घ्या, स्टॅम्पवर लिहून द्या, कोर्टकचेरी नको. वडिलांचं लायसन्स संपलेलं होतं म्हणून घरचेही घाबरलेत.

मी वकील नाही. कुपवाड एमआयडीसीत टर्नर होतो आणि सांगलीच्या विजयनगरच्या कोर्टात अडीच वर्षं तारखा केल्यात, त्या अनुभवावरून सांगतो. एकच गोष्ट करायची असेल तर ही करा: स्टॅम्पवर सही करू नका.

माझं काय झालं ते ऐका. डिसेंबर २०२२, सेकंड शिफ्ट सुटून रात्री घरी निघालो होतो. तुंगच्या पुढं पंक्चर झालेली उसाची ट्रॉली निम्म्या रस्त्यात उभी. मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसते चार दगड मांडलेले. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला आणि मी सरळ ट्रॉलीत घुसलो. उजवं मनगट आणि अंगठा गेला. चौथ्या दिवशी ट्रॉलीमालक शहाळी घेऊन दवाखान्यात आला, सोबत आमच्याच गल्लीतले दोन मोठे. २५ हजार उशाला ठेवले आणि १०० रुपयांचा स्टॅम्प पुढं केला. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. आयटीआय झालेला माणूस मी, अंगठा लावला! काय लिहिलंय ते वाचलंही नाही. दोन वर्षांनी विमा कंपनीच्या वकिलानं तोच कागद भर कोर्टात वाचला: 'अपघातास मी स्वतः जबाबदार असून माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' असल्या कागदानं क्लेमचा हक्क आपोआप जात नाही, हे मला नंतर कळलं. पण चूक कुणाची या मुद्द्यावर तो आपल्याच गळ्यात येतो.

आता भावकीचं. तुमचे घरचे जे धरून बसलेत की क्लेम म्हणजे त्या माणसाचं वाटोळं, ते बहुतेक वेळा खरं नसतं. थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो तो याचसाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज करताना चालक, मालक आणि विमा कंपनी असे तिघेही जाबदार होतात, पण पॉलिसी चालू असेल तर पैसे भरायचे कंपनीनं. मालकाच्या घरावर जप्ती येत नाही. तेव्हा आधी एमपरिवहन ॲपवर ट्रॅक्टरचा नंबर टाकून विमा कधीपर्यंत होता ते बघा. अपघाताच्या तारखेला विमा संपलेला असेल, तर मिटवायची एवढी घाई का, तेही तुम्हाला तिथंच कळेल. कारण मग सगळी रक्कम मालकाच्या अंगावर येते.

एक मेख सांगून ठेवतो, नाहीतर नंतर म्हणाल सांगितलं नाही. उसाच्या ट्रॅक्टरच्या केसमध्ये विमा कंपन्या हमखास म्हणतात की पॉलिसी शेतीकामाची होती आणि वापर भाड्यानं वाहतुकीसाठी झाला, किंवा ट्रॉलीचा वेगळा विमाच नव्हता, किंवा ड्रायव्हरकडं योग्य लायसन्स नव्हतं. अशा वेळी कोर्ट कधी कधी कंपनीला सांगतं की जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे तुमचे पैसे बुडत नाहीत, पण भावकीत कुरबुर होऊ शकते. ती मला टाळून देता येणार नाही.

वडिलांच्या लायसन्सचं म्हणाल तर, जखमी माणसाकडं लायसन्स नव्हतं एवढ्यावरून त्याचीही चूक होती असं ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्येच सांगितलंय. मागून धडक बसलेल्या माणसाचं लायसन्स चालू असतं तर धडक बसली नसती का? दंड व्हायचा तो वेगळा होईल.

मुदत मात्र मनावर घ्या. १ एप्रिल २०२२ पासून क्लेमचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि उशिराचे अर्ज तेवढ्या कारणावरून फेटाळू नका असा अंतरिम आदेशही २०२५ मध्ये झालाय. पण अंतरिम आदेशाच्या जिवावर कुणी निवांत बसू नये. तुमचे दोन महिने गेलेत. अर्ज अपघात झाला त्या भागातल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे क्लेम चालवणाऱ्या कोर्टात, करता येतो, तसाच तुम्ही राहता तिथल्याही. पोरगा पुण्यात आणि अपघात साताऱ्याला, असल्यांची यात सोय होते.

फिर्याद दिली का ते तुम्ही लिहिलेलं नाही. दिली नसेल तर उद्याच द्या. दवाखान्यात एमएलसी (अपघाताच्या पेशंटची पोलिसांसाठी केलेली नोंद) झाली असेलच, तिची नक्कल मिळवा. नियमाप्रमाणं पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म २ द्यायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. हा फॉर्म मला कुणी दिला नाही. मागायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं. तुम्ही नाव घेऊन मागा, आणि लेखी मागा. फौजदारी खटला एका बाजूला चालतो, क्लेम दुसऱ्या बाजूला. ड्रायव्हर खटल्यातून सुटला म्हणून क्लेम बुडत नाही, कारण क्लेममध्ये पुराव्याचा काटा इतका कडक नसतो.

कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, आणि हाड मोडणं कायद्यानं गंभीरच. पण १६४ आणि १६६ दोन्हींचे पैसे मिळत नाहीत. मागून धडक असेल आणि माणूस कायमचा लंगडत असेल तर माझ्या मते १६६ च.

आता रकमेचं, कारण खरी फसगत इथं होते. डॉक्टर अपंगत्वाची टक्केवारी देतो ती हातापायाची. कोर्टानं बघायचं असतं ते त्या माणसाच्या कामाचं किती टक्के गेलं. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयानं उदाहरणच दिलंय: डावा हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र कदाचित टिकते. माझं अपंगत्व २२ टक्के लिहून आलं. पण टर्नरचा उजवा अंगठा म्हणजे काय ते लेथवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मायक्रोमीटरचा रॅचेट दोन बोटांच्या चिमटीत फिरवायचा असतो, ती चिमूटच मला जमत नाही. कंपनीनं काढलं नाही, स्टोअरला बसवलं. ओव्हरटाइम गेला तो गेलाच. माझ्या वकिलांनी कंपनीच्या सुपरवायझरला साक्षीला बोलावलं आणि तेवढ्या एका साक्षीनं केसचा रंग बदलला.

तुमच्या वडिलांचं तसंच मांडा. कोर्ट म्हणेल, शेत तर जागेवरच आहे, उत्पन्न कुठं बुडालं? बरोबर आहे, सातबारा अपघातात जात नाही. पण अंगमेहनत आणि देखरेख गेली. धारा कोण काढतं, वैरण कोण आणतं, रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला कोण जातं? गडी लावला असेल तर त्याचा पगार तारखेनिशी वहीत लिहा, जमलं तर ऑनलाइन द्या. डेअरीची दहा दिवसांची बिलं अपघाताआधीची आणि नंतरची जोडा. दोन म्हशी विकल्या असतील तर तेही सांगा. कोर्टानं महिना १२ हजार उत्पन्न धरलं, तर ५१ ते ५५ वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्यानं गुणायचं तो आकडा, ११ असतो. म्हणजे कामाची क्षमता दहा टक्के जरी गेली म्हटलं तरी १ लाख ५८ हजार ४०० होतात. दवाखाना, औषधं, येणंजाणं, बुडालेले महिने, सोसलेला त्रास, पुढं रॉड काढायचा खर्च, हे सगळं वेगळं. आता त्याशेजारी ५० हजार ठेवून बघा.

अपंगत्वाचा दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच किंवा सरकारी वैद्यकीय मंडळाकडूनच घ्या. पेशंटला कधी न बघितलेल्या डॉक्टरचा तयार दाखला उलटतपासात टिकत नाही. मेडिक्लेम मिळाला असला तरी बिचकू नका. ते पैसे भरपाईतून वजा होत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०२५ मध्ये म्हटलंय. आणि बिलांच्या झेरॉक्स आजच काढा. मेडिकलवाले देतात त्या गुळगुळीत कागदावरची शाई उन्हाळ्यात उडून जाते. माझी अकरा बिलं कोर्टात दाखल करताना कोरी पांढरी होती.

उलटतपासाला वडिलांची तयारी करून घ्या. मला पहिलाच प्रश्न होता, 'आज कोर्टात कशावर आलात?' मी फुशारकीनं म्हणालो, मोटरसायकलवर. वकिलानं नुसती मान डोलवली आणि तेवढं लिहून घेतलं. सांगायचं ते खरंच, पण पुरतं सांगायचं. नुसत्या पायाच्या ब्रेकवर, दोन ठिकाणी थांबत आलो, हे कुणी विचारलंच नाही आणि मीही सांगितलं नाही.

वकील निवडताना दवाखान्याखालच्या चहाच्या गाडीवर भेटणाऱ्यांपासून लांब राहा. 'आधी काही नको, मिळेल त्यातले पंचवीस टक्के द्या' असं बोलणं तिथं चालतं. मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानंच बंद आहे. फी ठरवायची ती रोख आकड्यात. जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं. महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आतलं उत्पन्न असलं की चालतं, आणि महिलांना तर उत्पन्नाची अटच नाही. हेल्पलाइन १५१००.

माझी केस शेवटी लोकअदालतीत मिटली. आकडा सांगत नाही, पण मागितलेल्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळं त्या दिवशी टेबलावर जो आकडा तोच शेवटचा. बायको अजून म्हणते आणखी सहा महिने थांबायला हवं होतं. मला त्या तारखांचा कंटाळा आला होता, हे खरं कारण.

आणि भावकीतला माणूस मनापासून मदत म्हणून ५० हजार देत असेल तर घ्या की. बँकेतून घ्या, आणि पावतीवर एवढंच लिहा: 'दवाखान्याच्या खर्चापोटी मिळाले.' ते मागाहून भरपाईतून वळते झाले तर होऊ देत. त्याखाली तक्रार नाही, हक्क सोडला, चूक आमची, असली एकही ओळ त्यानं घालायला लावली, तर पैसे राहू देत.