आईचे पाय बारीक होत चाललेत, प्रोटीन पावडर सुरू करावी का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आईंचं वय ६८, वजन ५२ किलो, राहायला साताऱ्यात, गळ्यात माळ असल्यामुळे अंडं-मटण बंद. रोज राजवाड्यापर्यंत चालून येतात, तरी मांड्या-पिंढऱ्या उतरल्यात आणि खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भाकरी-भाजी-आमटी, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री दूध-भात. मागच्या वर्षी चिकुनगुन्यात बरेच दिवस अंथरुणात होत्या. आणि प्रश्न एवढाच, की डबा आणू का.

डब्याचं नंतर बघू. मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे, बरंचसं काम वयस्कर लोकांच्या घरी जाऊन. माझं मत जरा कडू लागेल. आपल्याकडे घरातल्या म्हाताऱ्या माणसावरची माया दोन वाक्यांत मावते: 'हलकं खा' आणि 'तुम्ही बसा, मी करते'. पाय वाळवायला ही दोन वाक्यं पुरतात.

तिशी-चाळिशीनंतर स्नायू थोडे थोडे कमी होतातच. दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के असा अंदाज सांगतात. साठीनंतर वेग वाढतो आणि ताकद तर त्याहून लवकर जाते. डॉक्टर याला सार्कोपेनिया म्हणतात. तरुण शरीर थोड्याशा प्रथिनावरही स्नायूची डागडुजी करून घेतं. उतारवयात त्याच कामाला एका जेवणात जास्त प्रथिन लागतं. म्हणजे भूक कमी होते त्याच वयात गरज वाढते. आपल्याकडची प्रौढ माणसाची शिफारस किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे, पण वृद्धांसाठी जगभरचे तज्ज्ञ २०१३ पासून १ ते १.२ ग्रॅम सांगतायत. तुमच्या आईंसाठी हे होतात ५२ ते ६२ ग्रॅम. तेही एकाच जेवणात कोंबून नाही, तर दोन-तीन जेवणांत प्रत्येकी २० ते २५ ग्रॅम पडतील असे.

आता त्यांचा दिवस मोजू. चहा-टोस्ट ४ ग्रॅम. दुपारची एक ज्वारीची भाकरी ६, भाजी २, आमटी ३-४. संध्याकाळचं चहा-बिस्किट २-३. रात्रीचा दूध-भात ७-८. सगळं मिळून २४ ते २७ ग्रॅम, म्हणजे गरजेच्या निम्मं.

आमटीला एवढे कमी गुण का दिले? सांगलीच्या विश्रामबागेत एका आजोबांकडे जात होते. सूनबाई म्हणाल्या, "डाळ रोज असते की हो." मी त्यांच्यासमोरच आजोबांची वाटी चहाच्या गाळणीत ओतली. खाली राहिली चमचा-दीड चमचा डाळ, कढीपत्त्याची दोन पानं आणि एक मिरची. बाकी सगळं फोडणीचं पाणी. चव फक्कड होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण डाळीतलं प्रथिन डाळीत असतं, वरच्या पाण्यात नाही. आजोबा हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यापुरतं घट्ट वरण वेगळं काढायला लागले.

माळकरी माणसाचं प्रथिन भागत नाही, हे मला अजिबात मान्य नाही. तुमच्या जिल्ह्यात तर नाहीच. माण-खटावचे हुलगे आणि मटकी, कोरेगावचा भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा, कऱ्हाडकडे शेतं भरून सोयाबीन, घरोघरी शेंगदाणा. कडधान्यांत शंभर ग्रॅमला २० ते २४ ग्रॅम प्रथिन असतं, शेंगदाण्यात २५ च्या आसपास, सोयाबीनच्या वड्यांत तर ५० च्या वर. भाकरीत लायसिन (प्रथिनातला एक गरजेचा घटक) कमी पडतं ते डाळ-कडधान्य भरून काढतं, म्हणून भाकरी-उसळ ही जोडी उत्तमच आहे. फक्त ताटात भाकरीचा वाटा मोठा आणि उसळीचा तोंडी लावण्यापुरता, तो उलटा करायचा.

मी असं करेन. सकाळी टोस्ट बंद. ५० ग्रॅम मुगाची धिरडी आणि वाटीभर दही, इथेच १६-१७ ग्रॅम झाले. दुपारी एक भाकरी, घट्ट उसळ, दोन चमचे शेंगदाण्याची चटणी आणि ताकाऐवजी दही: २० च्या पुढे. संध्याकाळी चहा हवाच असेल तर घेऊ दे, पण सोबत पेलाभर दूध आणि त्यात दोन चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर: १२. रात्री दूध-भातच हवा म्हणाल्या तर भात निम्मा, दूध दुप्पट. नाहीतर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आणि बरोबर थोडं पनीर. माडगं त्यांना नवं नसणारच, लहानपणी प्यायलेलं असेल. साठ ग्रॅम असे गाठता येतात. पहिल्याच आठवड्यात एवढं सगळं वाढू नका, पोट फुगेल आणि सगळा दोष कडधान्यावर येईल. भिजवून, मोड आणून, मऊ शिजवून, दर आठवड्याला थोडं वाढवा.

एकादशीचं तेवढं बघा. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतंच. खिचडीत दाण्याचं कूट सढळ हाताने घाला, सोबत दही आणि राजगिऱ्याचा लाडू द्या.

पण नुसतं खाऊन स्नायू येत नाही, हे मी घरोघरी सांगून थकले. पायावर भार पडला तरच त्या प्रथिनाचा स्नायू होतो. राजवाड्यापर्यंतचं चालणं हृदयाला, साखरेला चांगलं; मांडीच्या ताकदीला पुरत नाही. तुम्ही 'हात टेकून उठतात' लिहिलंत, तोच धागा पकडू. न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर, शेजारी तुम्ही उभे. पाच वेळा पूर्ण उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर ताकद उतरलीय असं धरतात. शिलाईच्या टेपने पिंढरीचा सगळ्यात जाड भागही मोजा. बाईमाणसाची ३३ सेंटीमीटरच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

व्यायाम म्हणजे तीच खुर्ची. हाताशिवाय उठता येत नसेल तर बसायला जाड उशी घ्या, उंची वाढली की जमतं. आठ-दहा वेळा उठबस, जरा दम खाऊन परत, आठवड्यात तीन दिवस. सोपं वाटायला लागलं की उशी काढायची, मग हातात पाण्याची बाटली घ्यायची. सोपंच राहिलं तर फायदा थांबतो. वयाची सबब मी ऐकत नाही: बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या लोकांना आठ आठवडे पायाने वजन उचलायला लावलं, तर पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे १९९० साली छापून आलंय. आणि घरात पाण्याची कळशी, भाजी निवडून उठणं, जिना, जे अजून जमतंय ते त्यांच्या हातून काढून घेऊ नका.

चिकुनगुन्याचा हिशोबही यातच आहे. धडधाकट वृद्धांना प्रयोगासाठी नुसतं दहा दिवस झोपवून ठेवलं, तेव्हा पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं होतं. आजारात तर जास्तच जातं, आणि नंतर कोणी ते परत कमवायला लावत नाही. पुढे कधी दुखणं आलं तर ताप उतरल्या दिवसापासून पलंगाच्या कडेवर बसवा.

आता डबा. वरचं सगळं करूनही खाणं कमी पडत असेल तर जरूर आणा. व्हे म्हणजे दुधाचंच प्रथिन, माळेला अडचण नाही. पण जाहिरातीतलं वय वाचू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच माल्टवाल्या डब्यांत शंभर ग्रॅममध्ये दहाएक ग्रॅमच प्रथिन असतं, बाकी बरीचशी साखर. त्यापेक्षा साय काढलेल्या दुधाची पावडर बरी, तिच्यात ३५ च्या आसपास असतं.

हे सगळं सुरू करायच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या. किडनी चांगली असेल तर एवढ्या प्रथिनाने ती बिघडत नाही. आधीच आजारी असेल तर मात्र किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही त्याच रक्तात बघून घ्या. काही न करता वजन उतरत असेल तर थायरॉईड आणि साखरही. आणि कवळी सैल आहे का ते विचारा. बऱ्याच घरांत 'हलकं' खाण्याचं खरं कारण चावता न येणं हेच निघतं, आणि ते माणूस स्वतःहून सांगत नाही.