सासऱ्यांचं शेत आणि माझी सही

प्रश्न : बाई, आमचं गाव गोव्यातल्या पेडणे तालुक्यात. सासरे भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, कूळ होते. मामलतदार कचेरीत कित्येक वर्षं खेपा घालून त्यांनी 2,800 चौरस मीटर भाताचं शेत नावावर करून घेतलं. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून दलाल दारात येतात. एकाने सांगितलेला आकडा इतका मोठा आहे, की आमच्या दोन पिढ्यांनी मिळून तेवढं कमावलं नसेल. धाकट्या दिरांवर कर्ज आहे, आमच्या मुलीला नर्सिंगला घालायचं आहे. दोन्ही नणंदांनी होकार दिला. माझी सही तेवढी राहिली आहे. कोणी जबरदस्ती करत नाही, पण घरात माझ्याशी नीट बोलतही नाही. सासरे गेले त्या वर्षापर्यंत मी त्यांच्याबरोबर लावणीला उतरत होते. हे शेत विकणं पाप आहे का? की मीच उगाच धरून बसले आहे?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी दुसरं काही वाचू शकले नाही. कारण अशीच एक सही मी केलेली आहे.

माझे वडील डिचोली तालुक्यात कूळ होते. खंडाचं भात डोक्यावरून भाटकाराच्या घरी पोचवायचं आणि अंगणातच उभं राहायचं, हे मी लहानपणी पाहिलं आहे. 1964 साली भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने कूळ कायदा आणला. पुढे शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना त्यात दुरुस्ती झाली आणि 20 एप्रिल 1976 हा दिवस धरून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. मी तेव्हा हायस्कुलात होते. वडील कचेरीतून आले आणि आईला म्हणाले, ‘यंदाचं भात आपलं.’ एवढंच.

2004 साली भाऊ कागद घेऊन आला. बहिणींनी हक्क सोडायचा, ही आपल्याकडची रीतच. पोळ्या लाटता लाटता हात पुसले आणि न वाचता सही केली. दोन वर्षांत तिथे तांबड्या मातीचे ट्रक रिकामे झाले. शेजारचं शेत माझ्या चुलतभावाचं. त्याचं पाणी पूर्वी आमच्या मेरेवरून व्हाळाला जायचं, ते तुंबलं. पहिल्याच पावसात त्याचा तरवा, लावणीची रोपं, कुजला. तो मला एक शब्द बोलला नाही. मला मात्र त्याच्या घरी चतुर्थीला जाताना अजून पाय जड होतात.

म्हणून ‘पाप’ हा शब्द मी बाजूला ठेवते. तो शब्द आला की माणूस आपल्यापुरता विचार करतो, देवाला काय वाटेल एवढाच. तुमचा प्रश्न शेजाऱ्यांपर्यंत जातो.

आधी तुमच्या घरच्यांची बाजू मांडते, कारण ती खोटी नाही. गोव्यात ज्यांनी डोंगरच्या डोंगर विकले, काजूची भाटं विकली, त्यांना सद्सद्विवेकाबद्दल कोणी विचारलं नाही. मग ज्याच्याकडे भातशेताचा एक तुकडा, एक कुणगा आहे, त्यानेच गोव्याची हिरवळ राखायची का? दिराचं कर्ज खरं आहे. मजूर मिळत नाहीत हेही खरं. शहरात राहून ‘शेतं वाचवा’ म्हणणाऱ्यांनी, त्यात मीही आले, तुम्हाला उपदेश करावा हे मला पटत नाही. तुमच्या मुलीची फी आम्ही कोणी भरणार नाही.

आणि तरीही एक गोष्ट राहते. भाटकाराच्या घरातली माणसं आज म्हणतात, ‘कसतो म्हणून आमची जमीन नेली आणि आता बिल्डरला विकतात.’ हे बोलणं मला फार लागतं. ते पूर्ण खरं नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी चिखल तुडवला, त्यांना उशिरा मिळालेला तो न्याय होता. पण त्यात एक धागा आहे, तो मला तोडता येत नाही. तुमच्या सासऱ्यांना शेत बाजारातून मिळालं नाही. समाजाने ठरवलं, की कसणाऱ्याची जमीन असावी, आणि त्यासाठी एका घराकडून काढून दुसऱ्या घराला दिली. ते देण्यामागचं कारण कसणं हे होतं. भराव घालून त्यावर बंगले उभे राहिले, तर ज्या कारणाने आपण हक्क मागितला, तेच कारण आपण पुसतो. 1991 च्या भू-वापर कायद्यात हेच आहे : कूळ कायद्याने मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरायची नाही. माझ्या वडिलांच्या शेतावर माती पडली तेव्हाही तो कायदा होताच. कायदा कागदावर असतो, ट्रक रात्री येतात.

म्हणून मला वाटतं, प्रश्न विकण्याचा नाही. कोणाला आणि कशासाठी, हा आहे. गावातला कोणी कसणारा शेत घेत असेल तर खुशाल विका, मनात काही ठेवू नका. शेत तुमच्याच नावावर राहावं, असा हट्ट सासऱ्यांचाही नसता. भाताची जमीन शेतकऱ्यालाच विकावी, असा 2023 चा कायदाही आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा अपवाद आहे, पण तोही शेती करू इच्छिणाऱ्यासाठी. भाव दलालाच्या आकड्याच्या जवळपासही येणार नाही, हे मी लपवत नाही. पण दिरांच्या कर्जाचा नेमका आकडा घरात कोणी मांडला आहे का? तुमच्या पत्रात तो नाही. बऱ्याच घरांत गरज दोन लाखांची असते आणि विकायला वीस लाखांचं काढतात. आधी तो आकडा कागदावर येऊ द्या. मुलीसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज मिळतं का, तेही शेताची बोलणी होण्याआधी विचारून घ्या.

आता सही. आपल्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेली रीत अशी, की लग्नावेळी वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवरा-बायको दोघांची, आणि जमीन विकायला बायकोची संमती लागते. आपण बायका या हक्काचा अभिमान सांगतो आणि वापरायची वेळ आली की ‘घरात वाद नको’ म्हणून अंगठ्यासारखी सही करतो. तुमचं मत विचारायचं म्हणून ती सही मागितली आहे. नाही म्हणण्याची मोकळीक नसेल, तर हो म्हणण्यालाही किंमत नाही. म्हणून तुम्ही उगाच धरून बसलेल्या नाही आहात. त्या शेतात तुमच्या कमरेचे कितीतरी पावसाळे गेलेत. नणंदांनी होकार दिला म्हणता. त्यांना शेताचं पुढे काय होणार हे कोणी सांगितलं का, तेही विचारा. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही, आणि तो दोष माझा.

घरातल्या अबोल्याबद्दल : एक रविवार ठरवा, दीर-जाऊबाई, नणंदा, सगळ्यांना जेवायला बोलवा आणि जेवणानंतर मुलीलाही बसवून तुमचं म्हणणं तुम्हीच मांडा. तुमच्या यजमानांकरवी नको. तोवर मुखत्यारपत्रावर सही करू नका, कितीही साधा कागद आहे म्हणून सांगितलं तरी. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, ताजा उतारा काढून जवळ ठेवा.

आणि दलाल पुन्हा आला की सगळ्यांसमोर त्याला एकच विचारा : हे शेत भातासाठीच राहील, असं खरेदीखतात लिहून द्यायला तुमचा गिऱ्हाईक तयार आहे का? तो काय म्हणाला, ते मला जरूर कळवा.