एसओपीत कोर्सची नावं लिहिताना

तुझ्या एसओपीचा (विद्यापीठाच्या अर्जासोबत द्यायच्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’चा) मसुदा वाचला. इंग्रजी चांगलं आहे तुझं, फक्त कोर्सच्या नावांपाशी अडखळायला होतं. देवनागरीत कॅपिटल-स्मॉलची भानगडच नाही, त्यामुळे आपल्या सगळ्यांचंच इथे गडबडतं. सध्या एवढंच सांभाळ:

१. विषय वेगळा, कोर्सचं नाव वेगळं. ‘आय लाइक बायॉलॉजी’ यातला बी लहान. पण मार्कशीटवर ‘इंट्रोडक्शन टू बायॉलॉजी’ छापलं असेल तर आय आणि बी मोठे, मधल्या ‘टू’चा टी लहान. भाषा मात्र कायम मोठ्या अक्षराने: इंग्लिश, मराठी, संस्कृत.

२. नुसत्या नावाआधी ‘द’ नको. ‘आय टुक लिनिअर अल्जिब्रा’ पुरे. पुढे ‘कोर्स’ शब्द जोडलास तरच ‘द लिनिअर अल्जिब्रा कोर्स’. तू चार ठिकाणी याची गल्लत केली आहेस.

३. अवतरणचिन्हं आणि इटॅलिक्स काढून टाक. शिकागो स्टाइलमध्ये (इंग्रजी लेखनाच्या नियमांची एक अमेरिकन पद्धत) कोर्सचं नाव साध्या टाइपातच जातं.

अमेरिकेला पाठवतोयस ना? तिथे ‘कोर्स’ म्हणजे सहसा एका सेमिस्टरचा एक विषय. आपण बीएस्सीला ‘तीन वर्षांचा कोर्स’ म्हणतो, तो तिथला ‘डिग्री प्रोग्रॅम’. आणि ‘आय पास्ड आउट इन २०२३’ आधी खोड! तिकडे त्याचा अर्थ शुद्ध हरपली असा होतो. माझ्या पहिल्या अर्जात मीही तेच लिहिलं होतं. ‘ग्रॅज्युएटेड’ लिही.

कोर्स कोड, क्रेडिट्स वगैरे नंतर बघू. एवढं दुरुस्त करून पाठव, पुन्हा वाचतो.